हात धुण्याचा इतिहास

आमच्या घरांतून सोवळ्याओवळ्याचे जे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यातील एक चमत्कारिक गोष्ट वाचकांच्या पाहण्यात आलीच असेल. रेशमी मुकटा महिनेच्या महिने पाण्याचे तोंड न पाहताही सोवळा राहतो. आणि आताच धुऊन वाळत घातलेले सुती धोतर कोणाचा हात लागताच ओवळे होते. ह्यावरून उघड होते की, सोवळे निराळे आणि स्वच्छता निराळी. सोवळे हे माणसाचा जन्म, त्याचा अधिकार आणि लोकांची समजूत ह्यांवर अवलंबून असते. स्वच्छता ही मळ आहे की नाही, एवढेच विचारते. ह्या दोहोंची गल्लत एकट्या आमच्याच समाजाने केली असे मात्र मानण्याचे कारण नाही. युरोपातील नामांकित विद्यापीठांतून शिकलेल्या, शास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्या वैद्यांच्या हातूनही नेमकी हीच गल्लत झाली, आणि तीपायी हजारो बाळंतिणी प्राणांस मुकल्या. आज चांगल्या रुग्णालयात खाटेपाशी हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाची लहानशी बाटली असते. ती तेथे कशी आली, हे थोडक्यात सांगण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

रुग्णालय हे बरे होण्याचे ठिकाण आहे, ही समजूत फार जुनी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस शहरातील ‘ओतेल द्यू’ ह्या प्रसिद्ध रुग्णालयात एकाच खाटेवर अनेक रोगी निजवीत. तनाँ नावाच्या शस्त्रवैद्याने सन १७८८ मध्ये ह्या स्थितीचे साद्यंत वर्णन प्रसिद्ध केले. ऐपतदार मनुष्य आपला आजार घरीच काढी. रुग्णालयाची पायरी चढे तो निराधार. पुढे एकोणिसावे शतक अर्धे उलटले तरी शस्त्रवैद्य शस्त्रक्रियेच्या वेळी एखादा जुना अंगरखा चढवीत, आणि तो रक्तापुवाने कडक झालेला असणे हे अनुभवाचे चिन्ह समजले जाई. हात धूत ते काम संपल्यावर. कामापूर्वी धुण्याचे प्रयोजन कोणासच दिसत नव्हते.

अशा काळात व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयाची कीर्ती सर्व युरोपभर पसरली होती. सम्राट दुसरा जोसेफ ह्याने सन १७८४ मध्ये हे रुग्णालय उभारले. तेथील प्रसूतिशाळेचे दोन विभाग होते. सन १८४० मधील राजाज्ञेनुसार पहिला विभाग वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस व दुसरा सुइणींचे काम शिकणाऱ्या स्त्रियांस नेमून दिला होता. दोन्ही विभाग एकाच छपराखाली, एकमेकांस लागून. येणाऱ्या स्त्रियांची भरती आळीपाळीने, एक दिवस ह्या विभागात तर दुसऱ्या दिवशी त्या विभागात. म्हणजे निवड अशी कोणाचीच नव्हती. वाराप्रमाणे दैव ठरे. आणि दैव ठरे असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. सन १८४१ ते १८४६ ह्या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणे झाली, त्यांत १,९८९ स्त्रिया मृत्यू पावल्या. हे प्रमाण शेकडा सुमारे १० पडते. दुसऱ्या विभागात १७,७९१ बाळंतपणांत ६९१ स्त्रिया दगावल्या. हे प्रमाण शेकडा ४ हूनही कमी. ह्या मृत्यूंचे मुख्य कारण सूतिकाज्वर. बाळंतपण सुखरूप पार पडावे, घरी निरोप जावा, आणि दोन-तीन दिवसांत बाळंतिणीस थंडी वाजून ताप भरावा, पोट फुगावे आणि आठवड्याच्या आत सर्व आटोपावे, असा हा रोग होता.

शहरातील गरीब स्त्रियांस हा भेद आकड्यांवाचून ठाऊक होता. आपली भरती पहिल्या विभागात होणार असे कळताच त्या गुडघे टेकून, हात जोडून ‘आम्हांस परत जाऊ द्या’ म्हणून विनवीत. कित्येक जणी वाटेतच, रस्त्यावर बाळंत होत. आणि आश्चर्य असे की, रस्त्यावर बाळंत होऊन मग पहिल्या विभागात आलेल्या स्त्रियांस हा ज्वर क्वचितच येई. उघड्या रस्त्यावर वाचणारी स्त्री विद्वानांच्या हाताखाली मरते, हे कोडे डोळ्यांपुढे होते. परंतु अज्ञ स्त्रियांच्या बोलण्यास प्रमाण कोण मानणार!

सन १८४६ च्या जुलै महिन्यात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा अठ्ठावीस वर्षांचा हंगेरियन वैद्य ह्या पहिल्या विभागात प्रोफेसर क्लाइन ह्यांचा साहाय्यक म्हणून रुजू झाला. हे कोडे त्याच्या मनास इतके लागले की, त्यास दुसरे काही सुचेना. त्या वेळची प्रचलित उपपत्ती अशी की, हवामानातील व भूमीतील काही अगम्य बदलांनी ही साथ येते. परंतु हवा दोन्ही विभागांची एकच. मग साथीने मधली भिंत ओळखावी कशी? गर्दी म्हणावी तर स्त्रिया पहिला विभाग टाळीत, त्यामुळे दुसऱ्यातच गर्दी अधिक. पुरुष विद्यार्थ्यांनी तपासल्यामुळे स्त्रिया लाजेने आजारी पडतात, असेही कोणी सांगितले. मरणोन्मुख स्त्रीस अंतिम संस्कार देण्यास धर्मगुरू घंटानादासह पहिल्या विभागातील खोल्यांतून जात, त्या घंटेच्या भीतीने इतर स्त्रियांस ज्वर येतो असा एक तर्क होता. सेमेलवाइसने धर्मगुरूंस घंटा बंद करून दुसऱ्या वाटेने जाण्याची विनंती केली. दुसऱ्या विभागात स्त्रिया कुशीवर निजून बाळंत होत. त्याने पहिल्या विभागातही तसे करून पाहिले. सरकारी समितीने विद्यार्थी, विशेषतः परदेशी विद्यार्थी, रांगडेपणाने तपासतात असा निष्कर्ष काढून त्यांची संख्या घटविली. मृत्यू काही काळ उतरले व पुन्हा चढले. प्रत्येक कारण तपासून, खोटे ठरले की बाजूस सारण्याची ही त्याची रीत तर्कशास्त्राच्या अध्यापकांनी आजही विद्यार्थ्यांपुढे ठेवावी अशी आहे.

उलगडा झाला तो एका मित्राच्या मृत्यूने. सन १८४७ च्या मार्चमध्ये सेमेलवाइस व्हेनिसच्या प्रवासाहून परतला, तो त्यास आपले स्नेही प्रोफेसर कोलेच्का निवर्तल्याचे कळले. शवच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याच्या सुरीने त्यांच्या बोटास जखम झाली, आणि त्या जखमेतून सर्वांगात विष भिनले. शवपरीक्षेचा वृत्तान्त वाचताना सेमेलवाइसच्या ध्यानात आले की, प्रेताच्या इंद्रियांत जी लक्षणे आढळली तीच तो सूतिकाज्वराने मेलेल्या शेकडो स्त्रियांच्या प्रेतांत पाहत आला होता. रोग एकच असेल तर कारणही एकच असले पाहिजे. कोलेच्का ह्यांच्या शरीरात प्रेतद्रव्य सुरीने शिरले. बाळंतिणीच्या शरीरात ते कशाने शिरते? उत्तर भयंकर होते. विद्यार्थी व अध्यापक सकाळी शवच्छेदन करून तेथून थेट प्रसूतिशाळेत येत आणि त्याच हातांनी बाळंतिणींस तपासीत. सुइणी शवच्छेदन करीत नसत. त्यांच्या विभागात मृत्यू कमी होते, ते त्या अधिक निष्णात होत्या म्हणून नव्हे. त्यांचा प्रेतांशी संबंध येत नव्हता, एवढेच.

हे विद्यार्थी हात धूतच नसत असे मात्र नाही. ते साबणाने धूत, आणि हात दिसावयास स्वच्छ दिसत. परंतु प्रेताचा वास हातास तसाच येत राही. सेमेलवाइसने ह्या वासावरून अनुमान बांधले की, डोळ्यांस न दिसणारे काहीतरी हातांवर शिल्लक राहते. वास घालविणारा पदार्थ तेही घालवील, अशा विचाराने त्याने मे १८४७ च्या मध्यास पहिल्या विभागाच्या दाराशी क्लोरीनच्या पाण्याचे पात्र ठेविले. पुढे त्याहून स्वस्त अशा क्लोरीनयुक्त चुन्याचे, म्हणजे आज आपण जिला ब्लीचिंग पावडर म्हणतो तिचे, द्रावण वापरले. आत जाणाऱ्या प्रत्येकाने त्यात हात धुतलेच पाहिजेत, असा नियम केला. एप्रिलमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा १८ वर गेले होते. जूनमध्ये ते सुमारे २ वर व जुलैमध्ये १ च्या जवळ आले. सन १८४८ ह्या संपूर्ण वर्षात पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणांत ४५ स्त्रिया मृत्यू पावल्या. मार्च व ऑगस्ट ह्या दोन महिन्यांत तर एकही नाही. औषध नवे नव्हते, खर्च जवळजवळ नव्हता. फक्त एक पात्र आणि एक नियम.

मधल्या काळात आणखी एक धडा मिळाला. सन १८४७ च्या ऑक्टोबरमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाने नासलेली एक स्त्री ओळीतील पहिल्या खाटेवर होती. वैद्यांचे हात दालनात शिरताना धुतलेले होते. परंतु तिला तपासल्यावर पुढच्या खाटेकडे जाताना ते क्लोरीनच्या पाण्यात धुतले गेले नाहीत. तिच्याबरोबर तपासलेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा मेल्या. तेव्हा विष केवळ प्रेतात असते असे नाही, जिवंत माणसातूनही ते दुसऱ्याकडे जाते, हे स्पष्ट झाले. आणि प्रत्येक रोग्यागणिक हात धुवावा हा नियम आला. आजच्या रुग्णालयांतील नियमांचे हेच बीज होय.

इतका लख्ख पुरावा असता जगाने हे मत तात्काळ स्वीकारले असेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु तसे झाले नाही, आणि आमच्या मते ह्या इतिहासाचे मर्म येथेच आहे. सेमेलवाइसचे म्हणणे मान्य करणे म्हणजे आजवर आपल्याच हातांनी आपण किती स्त्रियांस मारले, ह्याचा हिशेब मान्य करणे होते. त्याने स्वतः तो मान्य केला. आपण प्रेतांवर जितके काम केले तितके फार थोड्या प्रसूतिवैद्यांनी केले असेल, आणि आपल्यामुळे किती जणी अकाली गेल्या ते ईश्वरासच ठाऊक, अशा आशयाची कबुली त्याने आपल्या ग्रंथात दिली आहे. कील येथील प्रोफेसर मिखाएलिस ह्यांनीही तो मान्य केला. त्यांनी तपासलेली त्यांच्याच नात्यातील एक स्त्री सूतिकाज्वराने गेली होती. आपला हातच त्यास कारण झाला हे उमजल्यावर त्यांचे मन सावरले नाही, आणि सन १८४८ मध्ये त्यांनी आत्मघात करून घेतला. हे दोघे अपवाद. बहुतेकांनी हिशेबाकडे पाहिलेच नाही. विद्वानाचा, कुलीनाचा, रोग बरा करणाऱ्याचा हात मलिन कसा असेल? हे त्यांचे सोवळे होते, आणि मुकट्यासारखेच ते पाण्यावाचून टिकत होते. अमेरिकेत बोस्टन येथे ऑलिव्हर वेन्डेल होम्स ह्याने सन १८४३ मध्ये, आणि स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीन येथील गॉर्डन ह्याने त्याच्याही पूर्वी सन १७९५ मध्ये, हा ज्वर वैद्य व सुइणीच एकीकडून दुसरीकडे नेतात असे दाखविले होते; त्यांच्या वाट्यासही रोषच आला.

दोष एकाच बाजूचा होता असे म्हणणे मात्र न्यायाचे होणार नाही. सेमेलवाइसने आपला शोध वेळेवर लिहून प्रसिद्ध केला नाही. प्रथम त्याचे मित्र त्याच्या वतीने लिहीत व बोलत राहिले. सन १८४९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालविली गेली नाही, आणि पुढच्या वर्षी तो मित्रांचाही निरोप न घेता एकाएकी हंगेरीस निघून गेला. पेस्ट येथील एका लहान रुग्णालयात त्याने सहा वर्षांत मृत्यूचे प्रमाण शेकडा १ च्याही खाली ठेविले. परंतु ग्रंथ लिहिला तो सन १८६१ मध्ये, आणि तोही कटू व पाल्हाळिक. त्यानंतर नामवंत प्रोफेसरांस उघड पत्रे लिहून त्याने त्यांस खुनी म्हटले. सत्य असले तरी ते शिवी देऊन गळी उतरत नाही. सन १८६५ मध्ये त्याचे चित्त भ्रमले म्हणून त्यास व्हिएन्नाजवळील वेड्यांच्या इस्पितळात ठेविण्यात आले, आणि तेथे दोन आठवड्यांच्या आत, १३ ऑगस्ट रोजी, अंगावरील जखमेतून विष भिनून तो मृत्यू पावला. ज्या रोगाशी तो जन्मभर झगडला, त्याच जातीच्या रोगाने त्यास नेले.

ह्याच सुमारास हाच प्रश्न आणखी एका वाटेने सुटत होता. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह नोव्हेंबर १८५४ मध्ये पोहोचल्या. शुश्रूषा सुधारली, अन्न सुधारले, तरीही फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले. कारण इमारतीखालील गटारे तुंबलेली होती व हवा खेळत नव्हती. मार्चमध्ये आलेल्या आरोग्यसमितीने गटारे वाहती केली, घाण उपसली, भिंती चुन्याने रंगविल्या. जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले. नाइटिंगेलबाईंचा विश्वास दूषित हवेच्या उपपत्तीवर होता, आणि ती उपपत्ती चुकीची होती. परंतु आकडे मांडून पाहण्याची शिस्त त्यांच्या अंगी होती, म्हणून उपपत्ती चुकूनही कार्य फळास आले. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या समितीच्या सन १८६३ मधील अहवालासही त्यांच्या श्रमांचा मोठा आधार होता. येथील गोऱ्या शिपायांत वर्षास दर हजारी ६९ मृत्यू होत असल्याचे त्यातून उघड झाले. तलवारीपेक्षा घाणीनेच अधिक शिपाई मरत होते.

योगायोग असा की, सेमेलवाइस मेला त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर ह्या शस्त्रवैद्याने गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. पाश्चरचे जंतूंविषयीचे संशोधन त्याने वाचले होते. जखम न चिघळता मुलगा बरा झाला. लिस्टरपाशी उपपत्ती होती, आणि बोलण्यात संयमही होता. तरी सर्वांची मने वळावयास वीस-पंचवीस वर्षे लागलीच. पाश्चरने सन १८७९ मध्ये पॅरिसच्या वैद्यक परिषदेत सूतिकाज्वराच्या जंतूची आकृती फळ्यावर काढून दाखविली. पुढे जखमेतील जंतू मारण्यापेक्षा ते जखमेपर्यंत पोहोचूच नयेत, ह्या विचाराने शस्त्रे वाफेने शुद्ध करण्याची रीत जर्मनीत रूढ झाली. अमेरिकेत हॅल्स्टेड ह्यांनी सन १८९० च्या सुमारास रबरी हातमोजे प्रथम करवून घेतले, ते मात्र जंतूंसाठी नव्हे. शस्त्रक्रियागृहातील एका परिचारिकेचे हात औषधांनी सोलून निघत, त्यांच्या रक्षणासाठी. स्वच्छ करणाऱ्याच्या हातांची काळजी घेताना रोग्याचीही काळजी घेतली गेली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सन १९३५ नंतर सल्फाची औषधे व पुढे पेनिसिलिन आले, आणि धुण्यापुसण्याचे महत्त्व आता सरले असे अनेकांस वाटू लागले. जंतूंनी तो भ्रम लवकरच दूर केला. औषधांस दाद न देणारे जंतू रुग्णालयांतच वाढू लागले, आणि वैद्यास पुन्हा दाराशी ठेवलेल्या त्या पात्राकडे यावे लागले. जिनीव्हा येथील रुग्णालयांत सन १९९४ पासून खाटेपाशी मद्यार्काचे द्रव ठेवून हात शुद्ध करण्याचा आग्रह धरण्यात आला. शंभर प्रसंगांपैकी ४८ वेळा होणारे हे काम सन १९९७ पर्यंत ६६ वेळा होऊ लागले, आणि रुग्णालयात लागणाऱ्या रोगांचे प्रमाण शेकडा सुमारे १७ वरून १० वर आले. म्हणजे सेमेलवाइसनंतर दीडशे वर्षांनी, एका संपन्न देशातील सुशिक्षित वैद्यांच्या रुग्णालयांतही, तीनांतून एका वेळी हात धुणे राहूनच जात होते.

आता हात झाला तो वैद्याचा व परिचारिकेचा. परंतु रुग्णालय स्वच्छ राखणारे हात आणखीही आहेत, आणि त्यांचे नाव इतिहासात कोठे येत नाही. फरशी पुसणे हे कोणीही करील असे काम आहे, अशी आमची समजूत असते. वस्तुतः त्यास शास्त्र आहे. क्लोरीनची शक्ती रक्त-मळ ह्यांतच खर्च होऊन जाते, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने मळ काढावा व मग जंतुनाशक लावावे. आणि ते लावल्यावर लगेच न पुसता नेमलेली मिनिटे पृष्ठभाग ओला राहू द्यावा. कोरड्या झाडूने धूळ उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसावे. वरून खाली आणि कमी मळलेल्या जागेकडून अधिक मळलेल्या जागेकडे जावे, शौचकूपाचे फडके रोग्याच्या खाटेस लावू नये. खाटेचे कठडे, दाराची मूठ, विजेचे बटण ह्या सर्वांच्या हातांखालून जाणाऱ्या जागा. त्या फरशीहूनही महत्त्वाच्या. मद्यार्काने काही जंतूंची बीजे मरत नाहीत. तेथे साबण आणि पाणीच हवे. क्लोरीनच्या द्रावणात ॲसिड किंवा अमोनिया कधीही मिसळू नये, कारण त्यातून निघणारा विषारी वायू प्रथम त्या सफाई कामगाराचीच छाती जाळतो. इतके ज्ञान ज्याच्या हाती असावे लागते, त्यास आम्ही ते शिकवितो काय? त्याच्या हातांस मोजे देतो काय? त्याने एखादी उणीव दाखविली तर ऐकून घेतो काय?

आमच्या देशात हा प्रश्न अधिक बोचरा आहे. घाण काढणारा तो ओवळा, आणि घाण करणारा तो सोवळा, असा हिशेब आम्ही शतकानुशतके चालविला. सुइणीचे हात बाळाच्या जन्मास हवे असत, परंतु तिला घरात बसावयास पाट मिळत नसे. अस्पृश्यता सन १९५० पासून राज्यघटनेने नष्ट केली आहे. परंतु रुग्णालयातील सफाईचे काम अद्यापि बहुतांशी त्याच जातींच्या माणसांकडे येते, आणि त्यांचा सल्ला विचारण्याची पद्धत नाही. व्हिएन्नात गुडघे टेकून विनविणाऱ्या गरीब स्त्रियांस जे कळले होते ते प्रोफेसरांस सहा वर्षे कळले नाही, कारण त्या बोलत होत्या ते ऐकण्याजोगे आहे असे त्यांस वाटले नाही. स्वच्छतेचे ज्ञान बहुधा खालच्या पायरीवर प्रथम पोहोचते. ते वर चढण्यास नम्रतेचा जिना लागतो.

म्हणून पुढच्या खेपेस एखाद्या आप्ताच्या समाचारास आपण रुग्णालयात जाल, तेव्हा खाटेजवळच्या त्या बाटलीपाशी क्षणभर थांबावे आणि आधी हात स्वच्छ करून मगच रोग्याचा हात हाती घ्यावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. आणि फरशी पुसणारी बाई वाटेत असेल, तर तिची फरशी वाळेपर्यंत जरा उभे राहावे. तीही त्याच रोग्याच्या जिवासाठी राबत असते.